मोठे चाक, थोडी हवा



आमच्या विज्ञान मंडळाच्या शनिवारच्या तासाला नववीतल्या एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नातून हा लेख तयार झाला. तो म्हणाला, "सर, बाबांनी आमच्या गाडीला मोठी चाके बसवली. गाडी दिसते छान. पण दिवाळीच्या सुट्टीत चोर्ल्यावरून गोव्याला गेलो, तर आजी वाटभर म्हणत होती, 'बैलगाडीत बसल्यासारखं वाटतंय रे.' चाक मोठे झाले तर धक्के कमी बसायला हवेत ना?"

प्रश्न चांगला होता आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. त्याच आठवड्यात पालक सभेत दुसरा एक मुद्दा निघाला. मुलांना आणणाऱ्या एका व्हॅनला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले आहेत, त्याने काही धोका आहे का, अशी विचारणा एका पालकांनी केली. दोन्ही प्रश्न वरवर सारखे दिसतात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे पुढे आमच्या लक्षात आले. म्हणून दोन्ही गोष्टी क्रमाने मांडत आहोत.

टायरवरचे आकडे वाचायला शिकू

घरातील मोटारीच्या टायरच्या बाजूवर पाहा. '१८५/६५ आर १५' असे काहीसे उठावाच्या अक्षरांत लिहिलेले सापडेल. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, सुमारे १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, ही टायरमधल्या धाग्यांची रचना. शेवटचा १५ म्हणजे आतल्या धातूच्या रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात. गणिताच्या शिक्षकांना हे पटणार नाही, पण जगभर हीच पद्धत रूढ आहे.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. रिम १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची भिंत १२० आणि खालची भिंत १२० मिळवा. बेरीज सुमारे ६२१ मिलिमीटर.

हे गणित खरे ठरते का, ते पाहायला आम्ही शाळेच्या मैदानात शिक्षकांच्या एका गाडीच्या टायरवर खडूने खूण केली, गाडी सरळ रेषेत ढकलली आणि खूण पुन्हा जमिनीला लागेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. व्यासाला पायने गुणले तर १ मीटर ९५ सेंटिमीटर यायला हवे होते. प्रत्यक्षात आले सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर. "सर, आपले चुकले," असे मुले म्हणू लागली. चुकले नव्हते. गाडीच्या वजनाने टायर खालच्या बाजूला दबतो, म्हणून एका फेऱ्यात तो थोडे कमी अंतर कापतो. हे दबणे हाच या लेखाचा खरा विषय आहे.

आराम हवेत आहे

१८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. तोपर्यंत चाकांना भरीव रबर किंवा लोखंडी धाव असे. खरे तर हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच घेतले होते, पण ती कल्पना तेव्हा मागे पडली. ती पुन्हा सापडली ती एका लहान मुलाला धक्के बसू नयेत म्हणून, हे आम्हाला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

गाडीत धक्का शोषणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर, दुसरी टायरमधली हवा. दोघांत कामाची वाटणी असते. गतिरोधकासारखा मोठा, सावकाश येणारा उंचवटा स्प्रिंग सांभाळते. पण उखडलेल्या डांबरातली खडी, रस्त्यावरचा सांधा, खड्ड्याची धारदार कड असे छोटे आणि झटकन येणारे धक्के स्प्रिंगपर्यंत पोचण्याआधीच टायरने दबून गिळायचे असतात. यासाठी टायरच्या भिंतीला दबायला जागा लागते. गादी जितकी जाड, तितके अंग कमी दुखते.

आता एक खरे उदाहरण पाहू. २०११ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या पिढीत कंपनीनेच दोन मापे दिली होती. कमी किमतीच्या गाडीला १६५/८० आर १४ आणि वरच्या गाडीला १८५/६५ आर १५. चाक आणखी मोठे करायचे तर १९५/५५ आर १६ आणि २०५/४५ आर १७ ही पुढची मापे येतात. मुलांनी फळ्यावर चारही मापांचा हिशेब केला.

१४ इंची रिम : भिंत १३२ मिमी, पूर्ण चाक सुमारे ६२० मिमी
१५ इंची रिम : भिंत १२० मिमी, पूर्ण चाक सुमारे ६२१ मिमी
१६ इंची रिम : भिंत १०७ मिमी, पूर्ण चाक सुमारे ६२१ मिमी
१७ इंची रिम : भिंत ९२ मिमी, पूर्ण चाक सुमारे ६१६ मिमी

शेवटचा स्तंभ नीट पाहा. चाक मोठे झालेलेच नाही! मोठी झाली ती फक्त रिम. बाहेरचे माप तेवढेच ठेवून आतला धातू वाढवला, म्हणजे मधले रबर आणि हवा कमी झाली. १४ वरून १७ वर जाताना भिंतीची उंची ४ सेंटिमीटरने, म्हणजे ३० टक्क्यांनी घटली. आजींच्या कमरेखालची गादी काढून घेतली आणि तिच्या जागी चकचकीत धातू बसवला, असाच याचा अर्थ.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने घरी जाऊन आकडे उतरवून आणले. मूळ १५ इंचांच्या जागी १७ इंची रिम बसवली होती. आजींना गणित येत नसेल, पण त्यांचे निदान बरोबर होते.

मग बैलगाडीचे चाक मोठे का?

चाक मोठे असले की धक्का कमी, ही समजूत अगदीच खोटी नाही. मात्र तिथे मोठे म्हणजे बाहेरून मोठे. दहावीच्या मुलांनी पायथागोरसच्या प्रमेयाने हे तपासले. ३० सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यात ३१ सेंटिमीटर त्रिज्येचे मोटारीचे चाक सुमारे ३.९ सेंटिमीटर खाली उतरते. ७० सेंटिमीटर त्रिज्येचे बैलगाडीचे चाक त्याच खड्ड्यात केवळ १.६ सेंटिमीटर उतरते. म्हणून कच्च्या वाटेला मोठे चाक सोयीचे. पण त्या चाकाला लोखंडी धाव असते, हवा नसते. त्यामुळे खड्ड्यात कमी पडूनही खडीचा प्रत्येक दाणा बसणाऱ्याच्या हाडांना कळतो.

मोटारीला मात्र बैलगाडीएवढे चाक बसवता येत नाही. टायर एक-दोन मापे वाढवून बाहेरचा व्यास अडीच सेंटिमीटरने वाढवला, तर त्याच खड्ड्यात चाक पूर्वीपेक्षा दोन मिलिमीटरसुद्धा कमी उतरत नाही. म्हणजे त्या वाटेने मिळणारा फायदा अगदी अल्प आहे.

मोठ्या रिमचा लाभ कोणता, तोटा कोणता

एकच बाजू सांगणे योग्य नाही. बुटक्या भिंतीचा टायर वळणावर कमी लवतो, त्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी लगेच वळते. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क मावते. गुळगुळीत महामार्गावर वेगाने गाडी चालवणाऱ्याला हा फरक आवडतो. कंपन्या महागड्या गाड्यांना मोठी चाके देतात, तेव्हा त्याला जुळतील अशा स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बरही बसवतात. आपण दुकानात जाऊन नुसते चाक बदलतो, बाकीचे तसेच राहते. इथे घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट वजनाची. चाक, टायर, ब्रेक हे सगळे स्प्रिंगच्या खाली असते. खालचा भाग जड झाला की खड्ड्यातून वर उडालेले चाक पुन्हा जमिनीला टेकायला वेळ घेते आणि त्याचा हादरा गाडीला बसतो. 'अलॉय म्हणजे हलके' असे सरसकट धरू नये. मोठे अलॉय चाक लहान लोखंडी चाकाइतके, कधी त्याहूनही जड असू शकते. बसवण्यापूर्वी दोन्ही चाके टायरसकट वजनकाट्यावर ठेवून पाहणे सोपे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याची. खोल खड्ड्यात जोरात आदळल्यावर बुटका टायर रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. त्या दिवशी चालला तरी पुढे केव्हा फुटेल याचा भरवसा नाही. शिवाय टायर जितका रुंद, तितका साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो आणि मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही क्षणभर निकामी होतात.

काही जण यावर उपाय म्हणून हवा चार-पाच पौंड कमी ठेवतात, म्हणजे गाडी मऊ चालते. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. कमी हवेत टायर जास्त लवतो, तापतो आणि महामार्गावर फुटण्याची भीती वाढते. बुटक्या टायरला तर रिम वाचवायला हवा नेमकी असावीच लागते. हवेचा योग्य आकडा बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तो थंड टायरसाठी असतो आणि मूळ मापासाठी असतो, हे ध्यानात ठेवावे.

व्हॅनचा प्रश्न

आता पालक सभेतल्या प्रश्नाकडे वळू. व्हॅनच्या काकांनी मोठे टायर दिखाव्यासाठी बसवले नव्हते. पावसात आतल्या गल्ल्यांत पाणी साचते, गाडीचा तळ घासतो, म्हणून गाडी थोडी वर उचलावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी मुलांना टायर मोजू दिले, स्टेपनीही काढून दाखवली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. स्टेपनी मूळ मापाचीच होती, त्यामुळे तुलना सोपी झाली. फरक जवळजवळ ४ टक्के निघाला.

इथे रिम तीच, पण टायर बाहेरून मोठा. म्हणजे गादी जाड झाली, मुलांना धक्के कमी बसत असतील. मग तक्रार कशाची? समजायला सोपे जावे म्हणून वरच्याच मोटारीचे आकडे घेऊ. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवला, तर चाक सुमारे ६२१ वरून ६४७ मिलिमीटर होते. वाढ सुमारे ४.२ टक्के.

स्पीडोमीटरला चाकाचे माप कळत नाही, त्याला फक्त फेरे कळतात. मोठे चाक प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून काट्याने ६० दाखवले तेव्हा गाडी पूर्वी त्याच काट्याला जात होती त्यापेक्षा ४.२ टक्के जास्त वेगाने धावते. मूळ काटा अचूक असेल तर ६० ऐवजी साडेबासष्ट. कंपन्या काटा बहुधा थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, कारण दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी नसावा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. ही राखून ठेवलेली सुरक्षा मोठा टायर खाऊन टाकतो. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४.२ टक्के वेग म्हणजे ब्रेक लागल्यावर जवळपास साडेआठ टक्के जास्त अंतर. जिथे मूळ टायरवर गाडी २० मीटरमध्ये थांबली असती, तिथे आता आणखी पावणेदोन मीटर लागतील. शाळेच्या फाटकासमोर पावणेदोन मीटर म्हणजे किती, ते मुलांनी मैदानात आखून पाहिले. सहावीतला एक मुलगा त्यात आडवा झोपला आणि वर जागा उरली.

भर म्हणून आणखी दोन गोष्टी. चाकाची त्रिज्या वाढल्याने पायाच्या तेवढ्याच दाबाला ब्रेकचा जोर रस्त्यावर ४ टक्के कमी पोचतो, आणि चढावर इंजिनालाही तितकेच जड जाते. शिवाय सगळी मुले बसल्यावर आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासत नाही ना, हे पाहावे लागते. व्हॅनच्या डाव्या पुढच्या टायरवर आम्हाला घासल्याची चमकदार पट्टी दिसली. काकांनाही ती तोवर दिसली नव्हती.

आणि एवढे करून गाडी वर किती आली? व्यासाच्या वाढीच्या निम्मी, म्हणजे सव्वा सेंटिमीटर. अर्धा इंच!

माप बदलायचेच असेल तर

आमच्या गावात गाडी सजवण्याची हौस आहे आणि हौसेला आमचा विरोध नाही. पण दुकानात पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात, अशी विनंती आहे.

१. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दरवाजावरच्या चिठ्ठीवर दिलेल्या मापांपैकीच एक निवडावे. त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप असेल तर ते बसते का, हे अधिकृत कार्यशाळेत विचारावे. ज्यांना आराम हवा आहे, त्यांनी लहान रिम आणि उंच भिंत यांचा विचार करावा. अट एवढीच, की आतला ब्रेक त्या रिममध्ये मावला पाहिजे.

२. पूर्ण चाकाची उंची स्वतः काढून पाहावी. मूळ उंचीपेक्षा फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. जितका कमी तितके बरे.

३. मापाच्या पुढे '८८ एच' असा आकडा आणि अक्षर असते. ८८ म्हणजे तो टायर ५६० किलो भार घेऊ शकतो, ८५ म्हणजे ५१५ किलो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर आणि 'टी' म्हणजे १९० किलोमीटरची वेगमर्यादा. नवा टायर भाराच्या बाबतीत मूळ टायरपेक्षा कमी नसावा. मुलांनी भरलेल्या गाडीला तर मुळीच नाही.

४. रिमच्या बोल्टच्या छिद्रांमधले अंतर, मधले भोक आणि रिम आत-बाहेर किती बसते, हे मूळ रिमशी जुळले पाहिजे. चाक बाहेर आले तर गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर ताण वाढतो.

५. चारही टायर एकाच मापाचे असावेत. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती, तीही सावकाश वापरावी.

६. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत, असा बदल वाहनात करता येत नाही. विमा कंपनीलाही आधी विचारलेले बरे.

शेवटी

व्हॅनच्या काकांनी पुढच्या महिन्यात मूळ मापाचे टायर बसवण्याचे कबूल केले आहे. एकदम चार टायरचा खर्च त्यांच्यासाठी लहान नाही. त्या व्हॅनमधून मुले पाठवणाऱ्या पालकांनी आपसात ठरवून तो वाटून घेण्याची तयारी दाखवली, हे इथे आनंदाने नोंदवतो. शाळेत मुले आणणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या टायरचे माप, हवा आणि झीज वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, तपासली जावी, अशी सूचना आम्ही विश्वस्त मंडळासमोर ठेवली आहे. मोजण्याचे काम विज्ञान मंडळाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतील. त्यासाठी एक टेप, एक हवा मोजण्याचे मीटर आणि एक वही एवढेच साहित्य लागणार आहे.

आणि आजी? नातवाने घरी फळ्यावरचा हिशेब वहीत काढून वडिलांना दाखवला. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुनी १५ इंची चाके खाली काढली. संक्रांतीला सगळे पुन्हा त्याच रस्त्याने गोव्याला जाऊन आले. आजींचा अभिप्राय काय, असे आम्ही विचारले. विद्यार्थी म्हणाला, "काही नाही सर, वाटेत झोपली होती."